दार लावून दाखव

डोंगरावरचे नेचे तांबूस पडायला लागले की इथल्या लोकांना फक्त थंडी आठवते. पबमध्ये कुणीतरी म्हणतं, आला बाबा हिवाळा, आणि दुसरा ग्लास मागवतं. मला मात्र दादर आठवतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादरला पुलाखालचा रस्ता असाच दिसतो. आदल्या दिवशी ज्या झेंडूला फुलवाले हात लावू देत नव्हते तो पायाखाली तुडवलेला, त्यात कुणाचं तरी कुंकू सांडलेलं, आणि वरून पाण्याचा टँकर गेलेला. इथे अख्खा डोंगर त्या रंगाचा होतो आणि महिनाभर तसाच राहतो. दसरा जवळ आला हे मला कॅलेंडरच्या आधी डोंगर सांगतो.

आज दसरा आहे. वेल्समधल्या या खेड्यात ते फक्त मला माहीत आहे. खेडं म्हणजे एक चर्च, एक पब, एक बंद पडलेली शाळा आणि माणसांच्या कितीतरी पट मेंढ्या. मी पबच्या स्वयंपाकघरात कुक आहे. माझ्या खोलीसमोर माझी गाडी उभी आहे. लिंबाच्या रंगाची, दोन दारांची, एवढीशी. काच खाली करायला अजून गोल गोल दांडा फिरवावा लागतो. गाडी लावून निघालो की मी तीनदा मागे वळून बघतो. कुलूप लागलंय का, दिवे बंद आहेत का, आणि तिसऱ्यांदा नुसतीच, आहे ना अजून म्हणून.

आमच्या लालबागच्या चाळीच्या पटांगणात दसऱ्याला सहा-सात टॅक्स्या धुतल्या जायच्या. त्यातली एक माझ्या बाबांची. जुन्या बनियनने ते तिला अशी पुसायचे की बॉनेटमध्ये चाळीचे तिन्ही मजले उलटे दिसत. मग ओल्या कुंकवात अनामिका बुडवून स्वस्तिक. आधी दोन रेघा, मग चार हात, शेवटी चार ठिपके. झेंडू आणि आंब्याच्या पानांची माळ. चार चाकांखाली चार लिंबं. बाबा गाडी पुढे घ्यायचे आणि मी कान देऊन बाजूला उभा. चारही फुटल्याचं ऐकू आलं पाहिजे. तीनच ऐकू आली असं सांगितलं की ते खाली उतरून चौथं शोधायचे.

बाबांचं सगळं कानावर चालायचं. बॉनेट न उघडता ते इंजिनाचं दुखणं सांगायचे. भाडं उतरून गेलं की त्याने दार कसं लावलं त्यावरून माणूस सांगायचे. "हा घरी भांडून आलाय." "ह्याला आज नोकरी लागली बघ." मी मागच्या सीटवर बसून हसायचो. पुढे बसायला परवानगी होती, पण स्टिअरिंगला हात लावायची नव्हती. "एक ड्रायव्हर पुरे घरात. तू शाळा शीक."

इथे कुणी विचारलं तर मी सांगतो की गरिबीमुळे शाळा सुटली. माना हलतात, विषय संपतो. ते खोटं आहे. फी भरलेली होती. पुस्तकं नवीकोरी होती, आईने त्यांना खाकी कव्हरं घातली होती. मला गणित येत नव्हतं आणि वर्गात उभं राहिलो की जीभ टाळूला चिकटायची, एवढंच. नववीत गणपतीची सुट्टी संपली आणि मी शाळेत गेलोच नाही. सकाळी युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून निघायचो आणि मागच्या गल्लीत एका केटररकडे कांदे सोलायला बसायचो. तिथे कुणी उभं करून प्रश्न विचारत नव्हतं. संध्याकाळी नळावर हात धुऊन घरी.

त्या वर्षीही दसरा आला. पाटावर बाबांनी जॅक ठेवला, नटबोल्टचे पाने ठेवले, आणि त्यांच्या शेजारी माझी नववीची पुस्तकं. पाटीवर सरस्वती मी काढली, एकाच्या आकड्यांची, लहान मुलं काढतात ती. एकाला एक जोडत जायचं आणि शेवटी देवी उभी राहते. कुंकू वाहून झाल्यावर बाबांनी टॅक्सीला उभ्याने नमस्कार केला. पुस्तकांना गुडघे टेकून केला. कपाळ इतिहासाच्या पुस्तकाला लागलं, त्यांच्या कपाळाचं कुंकू त्या खाकी कव्हरवर उमटलं. मग मला म्हणाले, "तू पण कर." मी केला. जे पुस्तक मी महिनाभर उघडलं नव्हतं आणि पुढे कधीच उघडणार नव्हतो, त्याला मी हात जोडले.

दिवाळीआधी शाळेतून चिठ्ठी आली. बाबांनी मारलं नाही. काही दिवस बोलले नाहीत. मग एका दुपारी विचारलं, "जेवलास?" तिथून पुढे आम्ही पुन्हा बोलायला लागलो, पण शाळा हा शब्द आमच्या घरातून गेला तो गेलाच. स्टिअरिंगला हात मात्र त्यांनी नंतरही लावू दिला नाही. आई गेली, टॅक्सी वयाच्या नियमात बसेना म्हणून भंगारात गेली, तेव्हा डॅशबोर्डवरची कुंकवाची डबी त्यांनी काढून ठेवली. मी इकडे यायला निघालो त्या दिवशी ती माझ्या बॅगेत सरकवली. "गाडी घेशील तेव्हा लागेल."

गाडीशिवाय इथे माणूस पांगळा. बस दिवसातून दोनदा, रविवारी एकदाही नाही. पहिली दोन वर्षं मला दूध, औषधं, पोस्ट, सगळीकडे ग्लिननी नेलं. सत्तरीच्या पुढचा मेंढपाळ. भली मोठी, दुधी रंगाची जीप, मागे कुत्रा. पहिल्या थंडीत मी बसच्या खांबाखाली कुडकुडत होतो, ते थांबले आणि आतून दार ढकललं. कुठे जायचंय ते नंतर विचारलं. इंग्रजीत लहान-मोठ्याला एकच 'यू', पण मी मनातल्या मनात त्यांना ग्लिनकाका आणि तुम्ही म्हणतो.

गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. चाळिशीला टेकलेला टॅक्सीवाल्याचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावत होता. लेखी परीक्षेचं पुस्तक त्यांच्या नातीचं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ते रोज चार पानं वाचायचो. ते प्रश्न विचारायचे. माझी जीभ टाळूला चिकटायची. ते चहा ओतायचे, कुत्र्याशी बोलायचे, मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. तिसऱ्या खेपेला पास झालो. पास झाल्याचा कागद अजून उशीखाली आहे. माझ्याकडे तसला तो एकच.

मग गाडी निवडायची. मला मोठी हवी होती. का, ते सांगतो. निघताना चाळीतले सुर्वेकाका सगळ्यांसमोर बोलले होते, "नववीतून पळालेला माणूस तिकडे जाऊन काय करणार? कांदेच सोलणार ना?" खरं होतं, म्हणून झोंबलं होतं. तेव्हा निदान गाडी तरी अशी असावी की फोटोत मावू नये.

ग्लिनकाकांनी जीपमध्ये बसल्या बसल्या माझी तपासणी घेतली. "तुझ्या मेंढ्या किती?"

"एकही नाही."

"बायको, मुलं?"

"नाही."

"मग एवढ्या सीटवर बसवणार कुणाला, कांद्यांना?"

इथले रस्ते एका गाडीएवढे, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणाची झाडी. समोरून कुणी आलं की एकाने उलटं जात जात रुंद जागा शोधायची. मोठ्या गाडीला इथे मेंढ्या लागतात आणि छोट्या गाडीला फक्त हौस, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या गावात एका निवृत्त नर्सबाई आपली जुनी गाडी विकत होत्या. त्यांनी किल्ली देताना सांगितलं, "चढावर ती कुरकुर करते. पण वळणावर सोडून दे, मग बघ." पहिल्याच वळणावर गाडी अशी वळली, जशी चाळीतली पोरं जिन्याच्या कठड्याला धरून वळतात, भिंतीला न लागता, वेग न सोडता. मी मोठ्याने हसलो. शेजारी बसलेले ग्लिनकाका म्हणाले, "झालं. घेतलीस तू." एवढं स्वस्त आणि एवढं मस्त काही मला याआधी मिळालं नव्हतं.

घरी आलो आणि बाबांना मेसेज टाकला, गाडी घेतली. खरं म्हणजे तिथेच फोटो टाकायचा. मी थांबलो. फोटोत ती फार पिवळी आणि फार लहान दिसत होती. काही महिन्यांपूर्वी मी ग्लिनकाकांच्या जीपला टेकून उभा असलेला एक फोटो पाठवला होता. तो चाळीत सगळ्यांच्या फोनवर होता. दहा मिनिटांत सुर्वेकाकांचा मेसेज, "तीच का रे ती? पांढरी? रणगाडाच की." मी लिहिलं, हो. एकच अक्षर.

मग दसरा आला, गेल्या वर्षीचा. बाबा म्हणाले, पूजा फोनवर करू, मी बघतो. तिकडची दुपार, इथली सकाळ, ग्लिनकाका चारचाकी बाइक घेऊन डोंगरावर गेले होते. जीप त्यांच्या अंगणात उभी होती, किल्ली नेहमीसारखी आतच. मी माझी डबी, चार लिंबं आणि फोन घेऊन तिथे गेलो. पुसून टाकू मागाहून, असं ठरवलं होतं. फोनमध्ये बाबा आणि त्यांच्या खांद्यावरून सुर्वेकाका.

"टायर बघा टायर," सुर्वेकाका म्हणाले. "आमच्या पोराच्या कमरेएवढा आहे."

"तुम्ही जरा गप बसा," बाबा म्हणाले. "हां, काढ."

मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं. हात सरावाचा नव्हता तरी चांगलं आलं. हळद वाहिली, चार ठिपके दिले.  मग बाबा म्हणाले, "दार लावून दाखव."

"काय?"

"दार. उघड आणि लाव."

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि लावलं. बाबांनी फोनला लावलेला कान मागे घेतला. "बरा आसा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. बाबा बोलायला मराठीत सुरू करतात आणि मनाला काही लागलं की मालवणीवर येतात. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी चाकांखालची लिंबं गोळा करत होतो.

तेवढ्यात ग्लिनकाका खाली आले. बाइक बंद केली. बॉनेटकडे बघत उभे राहिले आणि टोपी काढली.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. आणि हसलो. सगळ्यात जास्त मला ते हसू आठवतं. "शुभ असतं. देवाचं."

त्यांनी टोपी पुन्हा घातली. आत जाऊन बादली आणि फडकं घेऊन आले. मी फडकं मागितलं, दिलं नाही. स्वतः घासत राहिले. लाल गेलं, पण जुन्या रंगाच्या भेगांत कुंकू बसलं होतं, गुलाबी आकार तसाच राहिला. बादली उचलताना एवढंच म्हणाले, "माझ्या आईचे दोन भाऊ चर्चच्या भिंतीवर आहेत."

मला वाटलं फोटो असतील. दुपारी चर्चमध्ये गेलो. दगडात कोरलेली नावांची यादी होती, वर १९३९-१९४५. एकाच आडनावाची दोन नावं एकाखाली एक. बसला उभा राहायचो तेव्हा हेच चर्च माझ्या पाठीमागे असायचं. तरीही मला कळलं नाही. पबच्या मालकिणीला, मेगनला, विचारलं. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मी खरंच विचारतोय ना हे पारखून घेतलं, आणि स्वतःचा फोन पुढे केला. झेंडे होते, ओळीने उभे सैनिक होते. त्यांच्या झेंड्यावरचं जरा तिरकं होतं, माझं सरळ होतं, ठिपक्यांचं होतं. पण ठिपके आपल्यालाच दिसतात.

नववीच्या की दहावीच्या, कुठल्यातरी पुस्तकात तो धडा असतो म्हणे. चाळीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या पोरांना तो माहीत होता, मी फोन करून एकाला विचारलं. "अरे हिटलर रे," तो म्हणाला, जणू मी गिरगाव कुठे आहे ते विचारलं. बाबांचं कपाळ ज्या पुस्तकाला टेकलं होतं त्याच्या मागच्या पानांत किंवा त्याच्या पुढच्या पुस्तकात तो धडा माझी वाट बघत राहिला. मी कांदे सोलत होतो. तेव्हा मला वाटलं होतं, शाळा सोडण्याचं नुकसान माझं एकट्याचं. ते असं हिंडत हिंडत एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगणापर्यंत येईल हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

तीन दिवस मी ग्लिनकाकांसमोर गेलो नाही. त्यांनाही मला कुठे न्यायचं नव्हतं, माझी गाडी होती. चौथ्या दिवशी गेलो. त्याच टेबलाशी बसलो. स्वस्तिकाचं सांगितलं, आमच्याकडे दारावर, वहीवर, लग्नपत्रिकेवर काय असतं ते. त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर उठता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं, "पण माझ्या गाडीवर का? तुझी आहे की."

जीभ टाळूला चिकटली. त्यांनी चहा ओतला. कुत्र्याशी बोलले. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मी सांगितलं. चाळ, सुर्वेकाका, फोटो, एका अक्षराचं हो.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू तिला आपली म्हणून दाखवलीस," ते म्हणाले. "तिला. जिचा ब्रेक दाबला की मेंढ्या हसतात." तोंडावर हसू नव्हतं. "माझं मी बघतो. वडिलांना सांगितलंस?"

नाही म्हणालो.

"मग अजून इथे काय करतोयस?"

मी लिंबाच्या रंगाच्या गाडीजवळ उभं राहून बाबांना फोन लावला. शब्द आधी जुळवून ठेवले होते, फोन उचलल्यावर ते गेले. मी दार उघडलं आणि लावलं. पत्र्याच्या डब्याचं झाकण पडावं तसा आवाज झाला.

"ही तुझी," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं..."

"त्या दिवशी कसा लावलंस दार? हळूच. दुसऱ्याच्या गाडयेचा दार माणूस असाच लावता, घाबरान. तीस वर्सा ता ऐकलंय." मग विचारलं, "लहान आसा?"

"लहान आहे. पिवळी आहे. वळते चांगली."

"वळता मां? मग झाला."

मी म्हणालो, बाबा, चुकलं माझं. आणि जीपवरच्या स्वस्तिकाचं काय झालं तेही सांगितलं, धड्याचंही सांगितलं. शाळा हा शब्द तेवीस-चोवीस वर्षांनी आमच्यात आला. पलीकडे पटांगणातल्या पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"झिला," बाबा म्हणाले, "त्या दसऱ्याक पण माका म्हायत होता. पुस्तकांका नमस्कार केलंस तेव्हा तुझ्या हातांका कांद्याचो वास येय होतो."

 मी गाडीच्या टपाला धरलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशीत म्हणान थांबलंय."

थांबलो होतो, म्हणाले. महिनाभर, रोज संध्याकाळी, मी नळावर हात धुऊन घरात शिरायचो आणि ते थांबलेले असायचे. गुडघे टेकून त्यांनी केलेला तो नमस्कार, तोही थांबणंच होतं. मला वाटत होतं मी त्यांना फसवतोय. ते मला संधी देत होते आणि मी ती रोज साबणाने धूत होतो.

याला वर्ष झालं. ग्लिनकाकांनी जीप पुन्हा रंगवली नाही. रंगवून देतो म्हणालो तर, "रंगाने ब्रेक लागणार आहेत का?" ऊन तिरकं असलं की बॉनेटवर तो गुलाबी आकार अजून दिसतो. अरुंद रस्त्यात समोरून ते आले की मी माझी गाडी मागे मागे नेत झाडीत दाबून उभी करतो. ते जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. इथली रामराम करायची हीच रीत. मी बोट उचलतो आणि नजर बॉनेटवर जाऊ देत नाही. जातेच.

काल बाबांना विचारलं, यंदा काय काढू? ते म्हणाले, "सरस्वती काढ. एकाची. ती खयच्याच देशात कोणाक लागाची नाय." मला ती आठवत नव्हती. ऑर्डरच्या चिठ्ठीमागे त्यांनी फोनवरून सांगितली तशी काढत गेलो, एकाला एक, मध्ये जागा सोडून, पुन्हा एकाला एक. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा उभी राहिली.

आज सकाळी टॅक्सीतल्या डबीतल्या कुंकवाने ती पिवळ्या बॉनेटवर काढली. कुंडीत मोठ्या मुश्किलीने आलेले चार झेंडू वाहिले. समोर पुस्तक ठेवायला हवं होतं. माझ्याकडे एकच पुस्तक आहे, ग्लिनकाकांच्या नातीचं, पेन्सिलीच्या खुणांचं, वाहन परीक्षेचं. तेच ठेवलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं, आणि ओल्या गवतात गुडघे टेकले. हात जोडून नाकाशी नेले. काल पबमध्ये मोठी पार्टी होती, दहा किलो कांदे सोलले होते. साबणाने हात दोनदा धुतले होते, तरी वास येत होता.